गोल्फमधील होलनिहाय खेळनीती : निर्णयप्रक्रियेच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना

गोल्फ हा खेळ आपल्याकडे सामान्यतः श्रीमंतांचा विरंगुळा म्हणून ओळखला जातो. ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या क्रीडाविभागात त्याची फारशी चर्चा होत नाही आणि यात आश्चर्य वाटण्यासारखेही काही नाही. तथापि मुंबईत 1842 साली रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब स्थापन झाला होता, ही बाब लक्षात घेता महाराष्ट्राचा या खेळाशी असलेला संबंध पावणेदोनशे वर्षांहून जुना ठरतो. चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, पुण्यात येरवडा येथील पूना क्लबचे मैदान, सिडकोने खारघरच्या डोंगरकुशीत विकसित केलेले मैदान अशी त्याची आजची ठिकाणे आहेत. 2016 साली रिओ येथे गोल्फचे ऑलिंपिकमध्ये पुनरागमन झाले. 2021 साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याचे उदयन माने यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. टेंभुर्णीवरून जाणारा महामार्ग ज्या पुण्याला जातो, त्याच पुण्याचा हा खेळाडू होय.

असे असले तरी या खेळाविषयी मराठीत जे लेखन होते ते बहुधा स्पर्धांच्या निकालांपुरते मर्यादित राहते. खेळाडू एखादा होल कसा वाचतो, कोणता फटका का निवडतो आणि कोणता मोह का टाळतो, याचे विवेचन क्वचितच आढळते. वास्तविक गोल्फचे मर्म याच निवडीत आहे. या निवडीमागे संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल व मानसशास्त्र अशा अनेक विद्याशाखांचा संबंध येतो. म्हणूनच बहुविद्याशाखीय नियतकालिकाच्या वाचकांसमोर हा विषय मांडण्याचे योजिले आहे.

लेखाची उद्दिष्टे

1. गोल्फच्या मैदानातील होलच्या रचनेमागील विचार स्पष्ट करणे.
2. पार 3, पार 4 व पार 5 या तीन प्रकारच्या होलवरील खेळनीतीचे विवेचन करणे.
3. धोका पत्करावा की टाळावा, हा निर्णय गणिताच्या साहाय्याने कसा घेता येतो ते दाखविणे.
4. महाराष्ट्रातील हवामान, गवत व कॅडींचे अनुभवज्ञान यांचा खेळनीतीशी असलेला संबंध तपासणे.

होल आणि त्याची रचना

गोल्फमध्ये 'होल' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक म्हणजे चेंडू ज्यात घालावयाचा तो 4.25 इंच व्यासाचा खळगा आणि दुसरा म्हणजे आरंभस्थानापासून त्या खळग्यापर्यंतचा संपूर्ण पट्टा. या पट्ट्याच्या आरंभस्थानास टी, मधल्या कापलेल्या गवताच्या भागास फेअरवे, त्याच्या कडेच्या वाढलेल्या गवतास रफ, वाळूच्या खड्ड्यास बंकर आणि खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीस ग्रीन असे म्हणतात. संपूर्ण मैदानात असे 18 होल असतात. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे 1764 साली 22 होलांच्या फेरीचे 18 होलांत रूपांतर झाले व पुढे तीच संख्या सर्वत्र रूढ झाली.

निष्णात खेळाडूने एखादा होल जितक्या फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते, त्या संख्येस 'पार' म्हणतात. ग्रीनवर पोहोचण्यास लागणारे फटके आणि ग्रीनवरील दोन पट अशी ही बेरीज असते. पुरुषांच्या खेळात साधारणतः 260 यार्डांपर्यंतचा होल पार 3, 240 ते 490 यार्डांचा पार 4 आणि 450 यार्डांपासून पुढचा पार 5 धरला जातो. सीमारेषेवरच्या होलचा पार ठरविताना चढ-उतार व अडथळे विचारात घेतात.

मैदानाची रचना करणारे तज्ज्ञ होलचे तीन प्रकार मानतात. पहिल्या प्रकारात चूक होताच कठोर शिक्षा मिळते व पर्याय फारसे नसतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे व्यूहात्मक होलमध्ये, खेळाडूपुढे दोन-तीन मार्ग खुले असतात. अडथळ्याच्या जवळून जाणाऱ्यास पुढचा फटका सोपा मिळतो आणि दूर राहणाऱ्यास पुढचा फटका अवघड पडतो. तिसऱ्या प्रकारात तळे वा ओढा एका धाडसी फटक्यात ओलांडण्याचे आव्हान असते, मात्र वळसा घालण्याचीही सोय असते. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांनी 1920 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात व्यूहात्मक रचनेचा हिरिरीने पुरस्कार केला. पुढे बॉबी जोन्स यांच्यासमवेत त्यांनी आखलेले ऑगस्टा नॅशनलचे मैदान हे त्या विचाराचे प्रसिद्ध उदाहरण होय. तात्पर्य, होल हा खेळाडूस विचारलेला एक प्रश्न असतो व त्याची उत्तरे एकाहून अधिक असतात.

शेवटाकडून आरंभाकडे

नवखा खेळाडू टीवर उभा राहून 'चेंडू किती दूर जाईल?' असा विचार करतो. जाणता खेळाडू प्रथम ग्रीनकडे पाहतो. खळग्याचा झेंडा आज ग्रीनच्या कोणत्या भागात आहे? ग्रीनचा उतार कोणीकडे आहे? ग्रीनच्या कोणत्या बाजूस चूक झाली तर सावरता येईल? या प्रश्नांच्या उत्तरांवरून दुसरा फटका कोठून मारणे हितावह आहे ते ठरते आणि त्यावरून पहिला फटका कोठे टाकावयाचा ते ठरते.

पार 4 होलवर ही पद्धत सर्वाधिक उपयोगी पडते. झेंडा ग्रीनच्या उजव्या बाजूस, बंकरच्या मागे असेल तर फेअरवेच्या डाव्या बाजूने ग्रीन अधिक मोकळे दिसते. अशा वेळी डावीकडे राहण्यासाठी पंधरा-वीस यार्ड कमी अंतराचा फटका मारावा लागला तरी तो तोट्याचा ठरेलच असे नाही. तसेच ज्या बाजूस धोका असेल त्याच बाजूस टी लावून धोक्यापासून दूर मारावे, असा या खेळातील जुना संकेत आहे.

पार 3 होलवर टीवरूनच ग्रीन गाठावयाचे असल्याने निर्णय एकच, पण नेमका घ्यावा लागतो. हौशी खेळाडू आपल्या सर्वोत्तम फटक्याचे अंतर गृहीत धरून क्लब निवडतात. परिणामी त्यांचे बहुतेक चेंडू ग्रीनच्या अलीकडेच पडतात आणि बंकरही बहुधा तेथेच असतात. सर्वोत्तम नव्हे तर सरासरी अंतर धरून क्लब निवडावा आणि झेंडा कडेला असला तरी ग्रीनच्या मध्याकडे मारावे, हा या प्रकारच्या होलवरचा सर्वसाधारण नियम म्हणता येईल.

स्वतःच्या चुकीचा विस्तार

खेळनीतीतील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे स्वतःच्या चुकीचे मोजमाप. एकाच क्लबने मारलेले वीस चेंडू एकाच ठिकाणी पडत नाहीत. ते एका लांबट वर्तुळात विखुरतात. संख्याशास्त्राच्या परिभाषेत हे विचलन होय. निष्णात खेळाडूचे वर्तुळ लहान असते, इतकेच. वर्तुळ नसणारा खेळाडू अस्तित्वात नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका खेळाडूचे लांब फटके नेम धरलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंस 30 यार्डांपर्यंत विखुरतात. फेअरवे 40 यार्ड रुंद आहे. त्याच्या मध्यापासून डावीकडे 25 यार्डांवर मैदानाची हद्द संपते आणि उजवीकडे मोकळा रफ आहे. फेअरवेच्या मध्यावर नेम धरल्यास काही फटके हद्दीबाहेर जाणारच. हद्दीबाहेर गेल्यास एक दंडाचा फटका घेऊन पुन्हा मूळ जागेवरून मारावे लागते, म्हणजे फटकाही जातो आणि अंतरही जाते. त्याच खेळाडूने नेम 10 यार्ड उजवीकडे सरकविला तर त्याचा डावीकडचा टोकाचा चेंडू मध्यापासून 20 यार्डांवर, म्हणजे फेअरवेच्या कडेवर पडेल. उजवीकडचा टोकाचा चेंडू रफमध्ये 20 यार्ड आत जाईल. रफमधून खेळणे गैरसोयीचे असले तरी तेथे दंड नाही. येथे हाताच्या कौशल्यात कोणताही बदल झालेला नाही. नेम बदलला, एवढ्यानेच अपेक्षित फटक्यांची संख्या घटली.

धोका पत्करावा की टाळावा?

पार 5 होलवर हा प्रश्न तीव्रतेने उभा राहतो. समजा, पहिल्या फटक्यानंतर ग्रीन 210 यार्डांवर असून त्याच्यापुढे तळे आहे. चेंडू थेट ग्रीनवर टाकावा की अलीकडे, ग्रीनपासून 90 यार्डांवर थांबावे? विवेचनासाठी पुढील अंदाज गृहीत धरू. थेट फटका ग्रीनवर पोहोचल्यास त्यानंतर सरासरी 2.4 फटके लागतात. चेंडू जवळच्या रफमध्ये वा बंकरमध्ये गेल्यास 3 आणि पाण्यात गेल्यास दंडासह 4 फटके लागतात. अलीकडे थांबण्याचा फटका 100 पैकी 95 वेळा साधतो व नंतर 3.1 फटके लागतात. उरलेल्या 5 वेळा 4 फटके लागतात. अलीकडे थांबल्यास चालू फटका धरून एकूण अपेक्षित फटके सुमारे 4.15 येतात.

आता तीन खेळाडूंची तुलना करू.

खेळाडू 'क' : ग्रीनवर 25 टक्के, रफ वा बंकर 25 टक्के, पाण्यात 50 टक्के. थेट मारल्यास अपेक्षित फटके 4.35.

खेळाडू 'ख' : ग्रीनवर 40 टक्के, रफ वा बंकर 25 टक्के, पाण्यात 35 टक्के. अपेक्षित फटके 4.11.

खेळाडू 'ग' : ग्रीनवर 60 टक्के, रफ वा बंकर 20 टक्के, पाण्यात 20 टक्के. अपेक्षित फटके 3.84.

यावरून असे दिसते की, 'क' ने थांबावे, 'ग' ने मारावे आणि 'ख' ला दोन्ही पर्याय जवळजवळ सारखे आहेत. होल तोच, अंतर तेच, तळेही तेच. योग्य उत्तर मात्र प्रत्येकाचे निराळे आहे. 'क' ने 'ग' चे अनुकरण केल्यास त्यास धाडस म्हणता येणार नाही, ती हिशेबाची चूक ठरेल. तसेच 'ग' ने भीतीपोटी थांबणे हाही हिशेबाचाच दोष होय.

सरासरी हाच मात्र एकमेव निकष नाही. अखेरच्या होलवर दोन फटक्यांनी मागे असलेल्या 'क' पुढे धोका पत्करण्यावाचून पर्याय नसतो. कबड्डीत लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्यावर तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे भागच असते, तसाच हा प्रसंग. उलटपक्षी आघाडीवर असणाऱ्याने धोका टाळणे श्रेयस्कर. 1999 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत कार्नूस्टी येथे फ्रान्सचे जाँ व्हान द व्हेल्ड यांना अखेरचा पार 4 होल 6 फटक्यांत पूर्ण केला तरी विजेतेपद मिळणार होते. त्यांनी टीवरून ड्रायव्हर वापरला व दुसऱ्या फटक्यातही लांबचाच क्लब घेतला. चेंडू प्रेक्षागृहावर आदळून रफमध्ये आला, पुढच्या फटक्यात ओढ्यात गेला, नंतर बंकरमध्ये पडला. होल 7 फटक्यांत संपला आणि निर्णायक लढतीत पॉल लॉरी विजयी झाले. व्हान द व्हेल्ड यांच्या हातात कौशल्य होते. तीन फटक्यांची आघाडी कशी खर्च करावयाची, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

अलीकडील संशोधन व भारतीय उदाहरणे

कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या लक्षावधी फटक्यांच्या नोंदींचे विश्लेषण करून प्रत्येक फटक्याचे मोल ठरविण्याची पद्धत विकसित केली. अमेरिकेतील पीजीए टूरने 2011 पासून पटिंगच्या मोजमापासाठी ती स्वीकारली. ब्रॉडी यांच्या निष्कर्षानुसार चांगल्या व सामान्य खेळाडूंमधील फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग 100 यार्डांबाहेरच्या फटक्यांतून येतो. व्यावसायिक खेळाडूही 8 फुटांवरून निम्मेच पट साधतात, ही बाबही या नोंदींतून स्पष्ट झाली. पटिंगवरच सामना जिंकला जातो, या पारंपरिक समजुतीस त्यामुळे मर्यादा पडल्या.

परंतु सरासरीचा निष्कर्ष प्रत्येक व्यक्तीस जसाच्या तसा लागू होत नाही. टोकियो ऑलिंपिकची महिला स्पर्धा कासुमिगासेकी कंट्री क्लबच्या पार 71 च्या मैदानावर झाली. भारताच्या अदिती अशोक त्या स्पर्धेत सर्वांत कमी अंतर मारणाऱ्या खेळाडूंपैकी होत्या. तरीही 67, 66, 68 व 68 अशा चार फेऱ्या खेळून 269 फटक्यांसह त्या चौथ्या आल्या. रौप्य व कांस्यपदक मिळविणाऱ्या दोघींचे फटके 268, तर सुवर्णपदक विजेत्या नेली कोर्डा यांचे 267 होते. ज्या होलवर इतर खेळाडू छोट्या क्लबने ग्रीन गाठत, तेथे त्यांना लांबच्या क्लबचा आधार घ्यावा लागे. अंतराच्या शर्यतीत न उतरता चेंडू खेळात ठेवणे आणि ग्रीनभोवतीच्या कौशल्यावर विसंबणे, ही त्यांची नीती होती. एका फटक्याने हुकलेले पदक हे त्या नीतीचे अपयश मानणे योग्य होणार नाही.

दुसरे उदाहरण दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी मैदानाचे आहे. तेथील फेअरवे अरुंद असून दोन्ही बाजूंस दाट काटेरी झुडपे आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये तेथे झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेपूर्वी रॉरी मॅक्लरॉय यांनी ड्रायव्हर न वापरण्याचा मानस व्यक्त केला होता. लांब फटक्यांसाठी जगप्रसिद्ध असलेल्या खेळाडूनेही मैदान पाहून आपले प्रमुख अस्त्र बाजूला ठेवण्याचा विचार करावा, ही गोष्ट बोलकी आहे.

महाराष्ट्रातील परिस्थिती

गोल्फवरील बहुतेक मार्गदर्शक लेखन थंड प्रदेशांत झाले आहे. ते आपल्याकडे वापरताना काही बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. विरळ हवेमुळे तेथे चेंडू मुंबईपेक्षा काही यार्ड अधिक जातो. उन्हाळ्यातील तापलेल्या हवेचाही असाच परिणाम होतो. एप्रिल-मे महिन्यांत टणक जमिनीवर चेंडू पडल्यानंतर बराच घरंगळतो, म्हणून बंकरच्या बऱ्याच अलीकडे पडेल असा फटका निवडावा लागतो. पावसाळ्यात तोच चेंडू पडतो तेथेच रुततो. त्यामुळे हवेतील अंतर एवढेच खरे अंतर ठरते. पट्टा तोच असला तरी जुलैमधील होल आणि मे महिन्यातील होल हे खेळनीतीच्या दृष्टीने दोन वेगळे होल होत.

गवताचा विचारही महत्त्वाचा आहे. उष्ण प्रदेशांतील मैदानांवर प्रामुख्याने बर्म्युडा गवत वापरले जाते. वनस्पतिशास्त्रात सायनोडॉन डॅक्टिलॉन या नावाने ओळखली जाणारी ही वनस्पती म्हणजे आपली हरळी अर्थात दूर्वा होय. उसाच्या बांधावरून जी काढता काढता शेतकरी मेटाकुटीस येतो, तिच्याच निवडक संकरित जाती ग्रीनवर जोपासल्या जातात. हरळीची पाती एका दिशेस झुकून वाढतात. पात्यांच्या दिशेने मारलेला पट वेगाने जातो, विरुद्ध दिशेने मारलेला मंदावतो आणि आडव्या दिशेने मारलेला किंचित वळतो. हरळीच्या ग्रीनवर उताराबरोबरच पात्यांची दिशाही पाहावी लागते.

हे बारकावे सर्वाधिक ज्ञात असतात ते कॅडींना. खेळाडूची बॅग वाहणारा हा मनुष्य वर्षानुवर्षे त्याच 18 होलांवर रोज चालतो. कोणत्या ग्रीनवर चेंडू दिसतो त्याहून अधिक वळतो, दुपारचा पश्चिमेचा वारा कोणत्या होलवर जाणवतो, हे तो सांगू शकतो. दिल्लीत कॅडी म्हणून आरंभ केलेले अली शेर यांनी 1991 साली इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू होत. कॅडींचे हे ज्ञान मौखिक स्वरूपात आहे. ते मराठीत संकलित करणे हा समाजशास्त्र व भाषा या विषयांच्या अभ्यासकांसाठीही एक उपयुक्त प्रकल्प ठरू शकेल.

महाविद्यालयीन अध्यापनातील उपयोग

पर्जन्यछायेतील सोलापूर जिल्ह्यात गोल्फची मैदाने उभारावीत, असा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. हिरवळीस लागणाऱ्या पाण्याचा विचार करता तसे सुचविणेही उचित होणार नाही. मात्र या खेळातील विचारपद्धती मैदानाशिवायही शिकविता येते. क्रीडांगणावर एक रेषा आखावी. त्या रेषेपलीकडे चेंडू गेल्यास दोन गुण वजा करावेत व रेषेच्या अगदी जवळ पडल्यास अधिक गुण द्यावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रथम वीस चेंडू फेकून ते कोठे पडले याची नोंद आलेखकागदावर करावी व त्यानंतरच आपला नेम ठरवावा. संख्याशास्त्राच्या तासात शिकविलेले विचलन व अपेक्षित मूल्य विद्यार्थ्याला येथे स्वतःच्या हाताच्या चुकीच्या रूपात भेटते.

आपल्याकडील क्रीडाप्रशिक्षणात ताकद, वेग व तंत्र यांवर भर असतो आणि तो असावयासच हवा. परंतु पराभवानंतर विद्यार्थ्याचे तंत्र चुकले की निर्णय चुकला, याची चौकशी सहसा होत नाही. चांगल्या निर्णयाचाही कधी वाईट परिणाम होतो आणि वाईट निर्णयही कधी यशस्वी ठरतो. केवळ निकालावरून विद्यार्थ्यास दोष वा शाबासकी दिल्यास तो चुकीचा धडा शिकतो.

निष्कर्ष

1. प्रत्येक होलवर एकच योग्य मार्ग नसतो. योग्य मार्ग खेळाडूच्या क्षमतेनुसार, सामन्यातील स्थितीनुसार व ऋतुमानानुसार बदलतो.
2. होलचे नियोजन ग्रीनपासून टीकडे, म्हणजेच शेवटाकडून आरंभाकडे करणे हितावह ठरते.
3. सर्वोत्तम फटक्याऐवजी सरासरी फटका व चुकीचा विस्तार गृहीत धरून नेम ठरविल्यास कौशल्यात वाढ न होताही फटके कमी होतात.
4. धोका पत्करणे वा टाळणे हा स्वभावाचा नव्हे, तर हिशेबाचा प्रश्न आहे. हिशेबासाठी स्वतःच्या नोंदी असणे आवश्यक आहे.
5. महाराष्ट्रातील उंची, पाऊस, हरळी व कॅडींचे अनुभवज्ञान यांची स्वतंत्र नोंद होणे गरजेचे आहे.

आपण किती चुकतो हे प्रामाणिकपणे मोजणे कोणालाही सुखावह नसते. विद्यार्थ्याला नाही आणि अध्यापकालाही नाही. गोल्फचा होल मात्र त्यावाचून सुटत नाही. हे मोजमाप निमूटपणे करण्याची सवय क्रीडांगणावर लागली, तर तिचा उपयोग परीक्षेच्या नियोजनात, शेतीतील पीकनिवडीत व व्यवहारातील इतर निर्णयांतही होईल. प्रस्तुत विवेचनाचे प्रयोजन तेवढेच आहे.